लातुरातली होडी

गंगाधर सर गेल्याची बातमी मला लातूरहून कळली नाही. ती आली समुद्रकाठच्या एका गावातून, मी कधी न पाहिलेल्या माणसाकडून. होड्या रेखाटणाऱ्या आमच्या इंटरनेटवरच्या गटावर त्यानं लिहिलं होतं, 'आपले सर काल गेले.' नांदेडच्या माझ्या स्वयंपाकघरात मी उभी होते. 'आपले' हा शब्द वाचला आणि लाज वाटली... कारण दोन वर्षं मी त्या गटावर एक ओळही लिहिली नव्हती.

आम्ही दोघं लातूरच्या एका क्लासमध्ये शिकवायचो. ते फिजिक्स, मी गणित. सर मूळ लोह्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. भूकंप झाला तेव्हा नुकताच डिप्लोमा झालेला, म्हणून नव्या गावठाणात घरं आखायच्या कामावर एका ठेकेदाराकडे लागले. तिथं एका म्हातारीनं त्यांना विचारलं होतं, "लेकरा, माझी चूल कुठं धरली रं ह्याच्यात?" नकाशा दाखवायची मनाई होती. सर खाली मान घालून पुढं गेले. ही गोष्ट त्यांनी मला कितीदा सांगितली असेल! प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचे, "मॅडम, ज्याचं घर, त्याला नकाशा न्हाई. हे कसं चालंल?"

पुढं क्लासेसचं पेव फुटलं. गल्लोगल्ली पाट्या, एकेका हॉलमध्ये दोन-दोनशे पोरं. सर तिथं शिक्षक झाले. एकदा ते बलांचं विभाजन शिकवत होते. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, वारा समोरून असला तर शिडाची होडी पुढं कशी जाते?" सरांनी फळ्यावर बाण काढून समजावलं. ती म्हणाली, "पण तुम्ही बघितली का सर?" सरांनी होडी बघितलीच नव्हती. त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांचा चहा तसाच गार झाला.

त्यातूनच सगळं सुरू झालं. शर्यतीच्या होड्यांच्या किमती ऐकून ते हबकले, आणि त्यांचे नकाशे कुलपात असतात हे कळल्यावर चिडले. मग स्वतःच रेखाटायला बसले. इंटरनेट कॅफेत जाऊन पहिलं रेखाटन सगळ्यांना दिसेल असं नेटवर टाकलं आणि खाली लिहिलं, 'कुणीही घ्या, बांधा, चुका दाखवा.' हिशेब तपासायचं काम माझ्याकडे आलं. शहरात तेव्हा टँकरपुढं घागरींची रांग असायची. सहकारी हसायचे, "प्यायला पाणी न्हाई अन् सर होडी करायलेत." सरही हसायचे. पण उत्तरं येऊ लागली आणि त्यातून एक गटच जमला. बिलोलीच्या एका निवृत्त नौसैनिकानं सुकाणू चुकीचं असल्याचं कळवलं, कुणी परदेशातून शिडाचं माप बदलून पाठवलं. कुणी कुणाला ओळखत नव्हतं, मोबदला कुणालाच नव्हता.

पहिली होडी नांदेडच्या एका सुतारानं प्लायवूडची बांधली. विष्णुपुरी धरणाच्या पाण्यात ती उतरवली आणि पाच मिनिटांत आडवी झाली. तिच्यात बसलेले नौसैनिक काका पोहत काठाला आले अन् ओरडले, "पाण्याखालची फळी आखूड हाय, सर!" महिनाभरानं पुन्हा उतरवली. वारा समोरून होता. होडी तिरकी झाली, थांबल्यासारखी वाटली... आणि वाऱ्यालाच कापत पुढं सरकू लागली. सरांना पोहता येत नव्हतं. ते काठावर गुडघाभर पाण्यात उभे होते, पँट भिजलेली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता बघितली, मॅडम."

आमचं बिनसलं ते त्यानंतर. एका होडी-कारखानदारानं डिझाइन मागितलं. अट एकच, बाकीच्यांसाठी ते बंद करायचं. मी म्हणाले, "द्या सर. क्लासमधून सुटका होईल तुमची." त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "तुम्हीसुद्धा नकाशा लपवा म्हणता?" मी रागानं उठून आले. पुढं क्लासच्या नांदेडच्या शाखेत माझी बदली झाली, आणि फोन कुणी करायचा, यातच दोन वर्षं गेली. त्यांच्या छातीत कळ आली ती शिकवताना, खडू हातात असताना.

गेल्या आठवड्यात लातूरला सरांच्या घरी गेले. शकुंतलावहिनी म्हणाल्या, "बसा की, मॅडम. त्यांच्या खोलीतलं आम्हाला काही कळत न्हाई." टेबलावर नव्या होडीची रेखाटनं होती. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात दोन चौकटी होत्या. 'रेखाटन' या चौकटीत त्यांची सही. 'तपासणी' या चौकटीत माझं नाव लिहिलेलं आणि पुढं सहीची जागा कोरी. दोन वर्षांतले सगळे कागद मी उलटून पाहिले. तपासणीच्या चौकटीत एकावरही दुसऱ्या कुणाचं नाव नव्हतं.

मी तिथंच खुर्चीत बसले. वहिनींनी न विचारता चहा आणून ठेवला. तिसऱ्या कागदावर डोलकाठीच्या हिशेबात चूक सापडली, अधिकच्या जागी उणे चिन्ह. "सर, हे बघा..." मी बोलून गेले. वहिनी दारातच थांबल्या. मी ते चिन्ह दुरुस्त केलं आणि चौकटीत सही केली.