शेजारच्या दाराची बेल

नेरूळची ती घटना अजून डोक्यातून जात नाही. दुपारी आमच्या पोलीस ठाण्यात एका सोसायटीतल्या काकूंचा फोन आला. "साहेब, एक माणूस सारखी बेल वाजवतोय, माझं दार बडवतोय. बायकोला बाहेर काढ म्हणतो. इथे कसली बायको? मी आणि माझी सासू."

गस्तीवरचे बीट मार्शल त्याला घेऊन आले. त्याची बायको काकूंच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहत होती, त्याच्या मारहाणीला कंटाळून, पत्ता लपवून. ती ऑफिसात होती म्हणून वाचली. ठाण्यात आली तेव्हा "मला परत घर बदलावं लागणार का?" एवढंच विचारत राहिली.

मला खटकली ती बेल. माग काढत आलेला माणूस शेजारचं दार का वाजवेल? तिला विचारल्यावर उलगडा झाला. दिवसा घरी कोणी नसतं, म्हणून कुरियरसाठी तिने काकूंचा फ्लॅट नंबर दिला होता, तोही एकाच ठिकाणी, एकट्या राहणाऱ्या बायकांच्या एका वेबसाइटवर. तिथून सभासदांना दिवाळीचा फराळ घरपोच यायचा.

वेबसाइट चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला बोलावलं. सालस बाई.

"सभासदांची माहिती कोण बघू शकतं?"

"काम करणाऱ्या आम्ही सगळ्याच. पासवर्ड एकच आहे. आपलीच माणसं हो, साहेब."

"सोडून गेलेलं कोणी?"

"एक मावशी. लेकीकडे राहायला गेल्या."

"मग पासवर्ड बदललात?"

बाई पर्समधून फोन काढून तिथेच पासवर्ड बदलू लागल्या.

तोवर आडमुठेपणा करणारा नवरा मावशींचं नाव काढताच वरमला. त्या त्याच्या आईच्या जुन्या शेजारीण. जुन्याच पासवर्डने पत्ता बघून त्यांनी तो याला दिला होता. बोलावल्यावर मावशी म्हणाल्या, "पोरगा माझ्यासमोर रडला, साहेब. वाटलं, संसार सावरेल." मारहाणीचं त्यांना ठाऊक नव्हतं. मला वाईट वाटलं, तरी गुन्ह्यात त्यांचं नाव घ्यावंच लागलं.

बाईंना मी नीट समजावलं. प्रत्येकीचा पासवर्ड वेगळा हवा, काम सोडलं की तो लगेच बंद. संमतीवाचून कुणाची माहिती कुणाला द्यायची नाही, आणि गरज नसेल ती मागायचीच नाही.

"बंदच करते मी ती वेबसाइट," बाई म्हणाल्या.

"नका बाई," तिथेच बसलेली त्याची बायको म्हणाली. "घर सोडलं तेव्हा सोबतीला तुम्हीच होता."

तिने घर बदललं. पुढे जबाबासाठी दोघी ठाण्यात भेटल्या, तेव्हा बाईंनी सवयीने विचारलं, "आता कुठे राहतेस गं?" ती अडखळली. बाईंनी तिचा हात धरला. "नको सांगूस. मला माहीत नसलेलंच बरं."

नोकरीभर मी लोकांकडून माहिती काढत आलो. न विचारणं हीसुद्धा माया असते, हे मला त्या दिवशी कळलं.