कुलूप लावलेली नदी

इराचा फोन आला तेव्हा मी घरापासून दूर, टाकानिनीला मुलाकडे होते. सकाळची वेळ, सून कामावर गेलेली, नातवाला दुधात बुडवून बिस्किट भरवत होते. इरा म्हणजे मृणालची मुलगी. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते इंग्रजीच. त्या दिवशी पहिला शब्द मात्र "मावशी" आला, आणि मग म्हणाली, "ममा इज गॉन." मी बिस्किट तसंच हातात धरून बसले होते. तासाभराने आमच्या मंडळाच्या ग्रुपवर संदेश पडला. कुणीतरी जुना सोफा फुकट देत होतं आणि कुणीतरी डब्याची चौकशी करत होतं, त्या दोघांच्या मध्ये. "प्रेमळ पत्नी, आदर्श माता, उत्तम सुगरण." खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. त्या तीन बिरुदांपैकी एकही खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. जिच्याबद्दल ते लिहिलं होतं ती बाई त्यात कुठेच नव्हती.

मृणाल मला पहिल्यांदा दिसली ती लोअर हटमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, दिवाळीच्या कार्यक्रमात. आम्ही सगळ्या पैठण्या नेसून, केसांत खोटे गजरे माळून बसलो होतो आणि ही उशिरा आली. अंगावर जीन्स गुडघ्यापर्यंत ओली, पायात रबरी चपला, इथल्या भाषेत जॅंडल्स, केस वाऱ्याने पिंजारलेले, हातात मात्र करंज्यांचा मोठा डबा. तिचा नवरा, संजीव, पुढच्या रांगेत बसला होता. त्याने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा स्टेजकडे बघायला लागला. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिथे ती बसली. मी विचारलं, "पावसात सापडलात का?" तर म्हणाली, "नाही हो, नदीत उभी होते." एवढंच. करंज्या तिने पहाटे उठून तळल्या होत्या आणि मग डोंगर ओलांडून वायरारापाला जाऊन, मासे पकडून, सोडून, परत आली होती. तिथून आमची मैत्री सुरू झाली. अहोजाहो दोन महिन्यांत गळून पडलं.

तिचं माहेर रेवदंड्याचं. वडिलांबरोबर खाडीवर गळ टाकून गरवायला जायची, मासळीवर वाढलेली पोर. लग्न होऊन पुण्यात शुद्ध शाकाहारी घरात आली आणि मासे सुटले, ते देश सोडून इथे येईपर्यंत सुटलेलेच होते. इथे शेजारी जोन नावाची एक म्हातारी विधवा राहायची. कुंपणावरून लिंबांची देवाणघेवाण व्हायची, तेवढीच ओळख. एकदा मृणालने तिच्या गॅरेजात बांबूची मासे पकडायची रॉड टांगलेली पाहिली आणि विचारलं. जोनला वाटलं ही सहज विचारतेय. पण मृणालने ती हातात घेतली, मनगटाने एकदा तोलली, आणि जोनने चहाचं पाणी ठेवलं... हे मृणाल मला खूपदा सांगायची, आणि दर वेळी चहापाशी थांबायची.

जोनची पद्धत जुनी होती. पिसांच्या खोट्या माशीने ट्राउट पकडायचा, पण ती माशी पाण्यावर तरंगवायची नाही, बुडू द्यायची. वेट फ्लाय म्हणतात. मृणाल 'ओली माशी' म्हणायची आणि स्वतःच हसायची, माशीने मासा धरायचा म्हणून. तरंगणारी माशी निदान डोळ्यांना दिसते, मासा वर आलेला दिसतो. हिच्यात काहीच दिसत नाही. दोरी नदीला आडवी, जरा खालच्या अंगाला टाकायची आणि प्रवाहाच्या स्वाधीन करायची. प्रवाह तिला मोठ्या कमानीतून फिरवत काठाकडे आणतो. कमान संपता संपता माशी पाण्यातून वर उचलली जाते, जिवंत किडा वर निघाल्यासारखी, आणि मासा असला तर तिथे धरतो. हाताला एकदम ओढ लागते. नाही लागली तर एक पाऊल खाली सरकायचं आणि पुन्हा टाकायची. आता बहुतेक लोक जड मण्यांच्या माश्या आणि वर तरंगणारा रंगीत ठिपका वापरतात. मासे जास्त मिळतात. काठावर भेटलेल्या एका गाइडने तिला सांगितलं होतं की ही म्हाताऱ्यांची पद्धत आहे. ती म्हणाली, "हो, मी एका म्हातारीकडूनच शिकले." जोन तिला सांगायची, दोरी पाण्यात पडल्यावर तू काही करू नकोस, सगळ्यात अवघड तेच आहे. घरात, ऑफिसात, मंडळात जिला सतत काही ना काही करावंच लागत होतं, तिला काही न करण्याची ती एकच जागा होती.

आमच्यात तिची चेष्टा व्हायची. बहुतेक मासे ती सोडून द्यायची, त्यामुळे पुरुष विचारायचे, पकडून सोडायचा तर पकडायचा कशाला. बायका विचारायच्या, संजीवच्या जेवणाचं काय. मोसमात एखादा मासा ठेवायची, पण तोही घरी नाही आणायची. जोनच्या परसात धुरावर भाजून दोघी तिथेच खायच्या, मग ही दात घासून घरी जायची. संजीव वाईट माणूस नाही. त्याने तिला कधी अडवलं नाही. फक्त तो त्या गोष्टीबद्दल कधी बोलला नाही, जणू बायकोला काही आजार आहे आणि चारचौघांत त्याचा विषय काढू नये.

तिची एक ठरलेली नदी होती. नाव लिहीत नाही, तिला आवडलं नसतं. कॉलिन नावाच्या शेतकऱ्याच्या कुरणातून तिकडे वाट जायची. पहिल्यांदा तिने दार वाजवून परवानगी मागितली तेव्हा तो म्हणाला होता, गेट लावून घेत जा, बाकी काही नाही. पुढे वर्षानुवर्षं त्यांचं बोलणं तेवढंच राहिलं. ख्रिसमसला ती त्याला चिवडा नेऊन द्यायची. जोन गेली तेव्हा बांबूची रॉड मृणालच्या नावाने ठेवून गेली, आणि त्या उन्हाळ्यात मृणाल प्रत्येक शनिवारी तिथे होती. मग कॉलिन थकला, मुलांनी जमीन विकली. ऑक्टोबरात मोसम उघडल्यावर ती गेली तर गेटला नवं कुलूप आणि पाटी, खाजगी मालमत्ता. जमीन एका लॉजने घेतली होती. तिथे परदेशातून लोक हेलिकॉप्टरने येतात, गाइड त्यांना पाण्यात उभं करतो, फोटो काढतो. नदी कायद्याने सगळ्यांची आहे. नदीपर्यंतची जमीन मात्र कुणाची तरी असते.

वरच्या पुलापासून पात्रातून चालत खाली जाता येत होतं, गोट्यांवरून, कमरेएवढ्या पाण्यातून. ते तिने केलंही, दोनदा. तिसऱ्यांदा पोटात दुखायला लागलं म्हणून अर्ध्यातून परतली. ते दुखणं म्हणजे स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला.

त्यानंतर ती फारसं काही मागायची नाही. उपचार झाले, थांबले. फेब्रुवारीत एकदा मी डबा घेऊन गेले होते, तेव्हा ती सोफ्यावरून संजीवला म्हणाली, "त्या लॉजवाल्यांना एक ईमेल लिहितोस? एक संध्याकाळ आत सोडा म्हणावं, गाडीने नदीपर्यंत. मला आता लिहायला बसवत नाही." संजीव चष्मा पुसत होता. म्हणाला, "कशाला उगाच त्यांच्या डोळ्यावर यायचं? नाही म्हणाले तर? आपण शेवटी बाहेरची माणसं."

"मी नाही बाहेरची," मृणाल म्हणाली. "तू असशील."

तो उठला आणि बाहेर जाऊन लॉन कापायला लागला. मशीनचा आवाज येत राहिला. मी म्हटलं, मी लिहिते. तिने नको म्हणून मान हलवली. "त्याने लिहायला हवं होतं," म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले. मी त्याच दिवशी लिहिलं. उत्तर आलं नाही.

मार्चमध्ये तिला जरा बरं वाटत होतं, तेव्हा म्हणाली, चल, जाऊन तर बघू. मी गाडी काढली. डोंगरातल्या वळणांवर तिला दोनदा उलटी झाली, पण परत फिरू का विचारलं की पुढे बोट दाखवायची. गेटपाशी पोचलो. आवाज ऐकून चार चाकी मोटरसायकलवरून एक मॅनेजर आला, तिशीतला, उन्हाने भाजलेला, हसतमुख. माओरीत नमस्कार केला, "किया ओरा, लेडीज." मृणालने सांगितलं, कॉलिनच्या वेळेपासून मी इथे येते, तासभर जाऊन येईन. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, तुमची अडचण कळते मला, पण आज पाहुणे आहेत पाण्यावर, शिवाय हेल्थ अँड सेफ्टी, माझ्या हातात असतं तर लगेच सोडलं असतं. मी तोंड उघडणार, ही बाई आजारी आहे सांगणार, तेवढ्यात मृणालने माझं मनगट दाबलं. मराठीत म्हणाली, "नको सांगूस. दया मागून नाही जायचं मला आत." मग त्याला म्हणाली, "नो वरीज." तो म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे मस्तच, आणि आम्ही वळेपर्यंत हात हलवत उभा राहिला.

पुलाखाली गाडी लावली. पोरं पुलावरून पोहायचे टॉग्ज घालून पाण्यात उड्या मारत होती, खांबाला एक गंजलेली ट्रॉली अडकलेली. पाणी उथळ, तिथे मासा नसतो हे तिलाही माहीत होतं. रॉड जोडायला तिला वेळ लागला. गाठ बसेना तेव्हा मी पुढे झाले, तर म्हणाली, "थांब, माझी मी बांधते." गमबूट घालून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि मी मागून तिचा पट्टा धरून. पहिल्या काही वेळा दोरी तिच्या पायांपाशीच गोळा होऊन पडली. हात उठतच नव्हता. मग एकदा कुठून जोर आला कोण जाणे, दोरी सरळ आडवी गेली, पाण्यावर हलकी टेकली आणि वळायला लागली. मृणाल हलली नाही. पट्ट्यातून मला तिचा श्वास कळत होता. दोरी फिरत फिरत काठाला आली, आणि संपलं.

"लागलं काही?" मी विचारलं.

"नाही. पण चांगली गेली."

परतताना डोंगर उतरल्यावर ती म्हणाली, "इतकं गोड बोलून हाकलतात ना मेले." आणि मग रडली. आजारपणात ती रडलेली मी तेवढ्या एकदाच पाहिली. एप्रिल संपता संपता इथल्या हिवाळ्याचा पहिला पाऊसपाण्याचा थंड आठवडा आला, नद्यांचा मोसम बंद झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

निरोपाच्या कार्यक्रमाला मंडळ झाडून आलं होतं. पडद्यावर फोटो फिरत होते. साडीतली मृणाल, हळदीकुंकवातली, इराच्या पदवीदानातली, पुरणपोळ्यांच्या चळतीमागची. नदीवरचा एकही नाही. इराने दिले होते, संजीवने काढून टाकले होते. हातात मासा, लोकांना कसंतरी वाटेल म्हणून. इरा बोलायला उभी राहिली आणि म्हणाली, ममा नदीत उभी असायची तेव्हा सर्वांत सुखी असायची. लोक हलकेच हसले. त्यांना वाटलं, गंमत सांगतेय. पोरीने हातातला कागद घडी केला आणि खाली उतरली.

राख नदीत सोडावी असं मृणालने कधी म्हटलं नव्हतं, हे सांगायला हवं, कारण आता काही जण तसं सुचवत आहेत. तिच्या ऑफिसातल्या माओरी मैत्रिणीने तिला सांगितलं होतं की ज्या पाण्यातून अन्न घेतो त्यात मेलेल्यांचं काही सोडत नाहीत. ते तिला मनापासून पटलं होतं. अस्थी घेऊन संजीव पुढच्या महिन्यात नाशिकला जाणार आहे. मी काही बोलले नाही. पण रॉडबद्दल बोलले. दोन आठवड्यांच्या आत त्याने तिचं सगळं सामान, जोनच्या रॉडसकट, जुन्या वस्तूंच्या दुकानात देऊन टाकलं होतं. "कुणाच्या तरी उपयोगी पडेल," म्हणाला. मी त्याच दुपारी त्या दुकानात गेले. काउंटरवरच्या बाईंना आठवत होतं. काठ्या ना, म्हणाल्या, टोमॅटोच्या रोपांना आधार द्यायला हव्यात म्हणून कुणीतरी नेल्या.

गेल्या रविवारी इराचे माझ्याकडे राहिलेले काही कपडे पोचवायला त्यांच्या घरी गेले. संजीव मागच्या लॉन्ड्रीत होता. त्या खोलीतच, वॉशिंग मशीनच्या शेजारी, खिडकीखाली, मृणाल रेशीम आणि पिसं गुंडाळून माश्या बांधायची. टेबल आता रिकामं आहे, पुसून लख्ख. तो ड्रायरची जाळी साफ करत होता. बोटाने करड्या तंतूंचा थर सोलून काढला, आणि त्यात नारिंगी रेशमाचा एक धागा आणि तित्तराच्या पिसाचे दोन-तीन तपकिरी केस अडकलेले होते. "अजून निघतंय," तो वैतागून म्हणाला. "दर वेळी निघतं." कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडून त्याने तो थर आत टाकला.

मी त्याला माफ केलेलं नाही, आणि करीन असं वाटत नाही. पण झाकण त्याच्या हातात तसंच राहिलं. तो डब्यात बघत उभा होता. मी कपडे टेबलावर ठेवले, गाडीची किल्ली शोधली, पुढचं दार ओढून घेतलं, तरी झाकण पडल्याचा आवाज आला नव्हता.