पिवळ्या साहेबांचा हिरवा अर्ज

नगरपालिकेच्या नगररचना खात्यात त्यांना सगळे 'पिवळे साहेब' म्हणत. हे नाव आपण घाम गाळून कमावलंय, असं ते स्वतःच सांगत. शहराच्या नकाशावर शेती हिरव्या रंगात दाखवतात आणि वस्ती पिवळ्या. साहेबांची सारी नोकरी हिरव्यावर पिवळं चढवण्यात गेली होती. "काविळीला जमलं नाही ते मी केलं," चहा पिता पिता ते म्हणायचे, "अख्खं गाव पिवळं करून दाखवलं."

अशा माणसाच्या टेबलावर एके दिवशी शेतजमीन राखण्याची योजना येऊन पडली. शहरालगतच्या शेतकऱ्यानं आपल्या जमिनीवर कधीच बांधकाम होणार नाही, असं कायमचं लिहून द्यायचं. जमीन त्याचीच, कसायची त्यानंच. प्लॉट पाडून जे जास्तीचे पैसे मिळाले असते, त्यातला बराचसा भाग पालिका भरून देणार. पुढं जमीन कुणी विकत घेतली तरी बंधन जमिनीबरोबर जाणार.

"पण मीच का?" साहेबांनी पालिकेच्या अध्यक्षबाईंना विचारलं.

"बाकीच्यांना कामं आहेत," बाई म्हणाल्या. "आणि वर्षअखेरीपर्यंत एकही अर्ज आला नाही तर निधी परत जाईल. मग वरच्यांना तोंड तुम्ही द्यायचं."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच, असं मनाशी म्हणत साहेब कामाला लागले.

पहिली सभा त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये घेतली. बाकं लहान मुलांची, त्यामुळे जमलेले शेतकरी गुडघे हनुवटीला लावून बसलेले. साहेबांनी मात्र भाषण जोरात ठोकलं. माती एकदा काँक्रीटखाली गेली की परत येत नाही, पुढची पिढी काय खाणार, असं बोलता बोलता ते स्वतःच टेबलावर हात आपटू लागले. आपल्याला एवढं कळतं हे त्यांनाही त्या दिवशीच कळलं.

मागच्या बाकावरून कोबी पिकवणाऱ्या एका मावशींनी हात वर केला. "साहेब, तुमची स्वतःची जमीन आहे का हो?"

"आहे की! वडिलोपार्जित." साहेब फुलून आले. "धाकटा भाऊ कसतो. इथून जवळच."

"मग तुम्ही दिलंत लिहून?"

साहेबांच्या तोंडून वर्षानुवर्षांच्या सवयीनं एकच उत्तर बाहेर पडलं, "विचाराधीन आहे."

असा हशा झाला की एक बाक मोडलं. एकही अर्ज न घेता साहेब घरी आले.

विचाराधीन काय होतं, ते फक्त घरच्यांना ठाऊक होतं. कपाटात एका बंगल्याचा नकाशा होता. निवृत्तीनंतर शेताच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यावर तो उभा राहायचा होता. साहेब दर सुट्टीला त्याचा जिना बदलत. कधी डावीकडून, कधी उजवीकडून, एकदा तर गोल. लोकांना माती वाचवा म्हणून सांगणारा हा गृहस्थ स्वतःच्या मातीवर जिना चढवत बसला होता.

रविवारी ते भावाकडे गेले. जमीन दोघांच्या नावावर, त्यामुळे सह्या दोघांच्या लागणार. भाऊ नाही म्हणेल, अशी त्यांना पक्की आशा होती. म्हणजे मग 'काय करू, धाकटा ऐकत नाही' असं सांगून सुटता आलं असतं.

भाऊ वांग्यांना पाणी देत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पाणी बंद केलं.

"दादा, मी तर तयारच आहे. तुलाच विचारायचा धीर होत नव्हता."

"मला? का?"

"तुझा बंगला मध्ये येतो ना." भावानं रस्त्याकडच्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथं गुडघाभर गवत माजलं होतं. "विहिरीजवळची जागा. सगळ्यात चांगली माती. पण तू आज ना उद्या पाया खणणार, म्हणून मी तिथं कधी झाड लावलं नाही. पाइपही वळसा घालून नेलाय."

साहेब गवताकडं बघत राहिले. ती जागा कायम ओसाड दिसायची, आणि भाऊ आळशी आहे असं ते बायकोला कितीदा तरी म्हणाले होते.

"मग बोलला का नाहीस?"

"तू मोठा आहेस," भाऊ म्हणाला. "आणि नकाशा दाखवताना किती खूश असायचास."

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. तिचं औषधांचं दुकान होतं. ती गोळ्यांची पाकिटं लावत होती. तिनं मानही वर केली नाही.

"मला कुठं जायचंय त्या रानात राहायला? दुकान इथं, मैत्रिणी इथं."

"अगं, मग इतकी वर्षं गप्प का बसलीस?"

"अहो, तुम्ही जिना काढत बसलात की माझी सुट्टी शांत जायची."

आपल्यावर इतकी माणसं इतकी वर्षं इतकं प्रेम करत होती, आणि आपण भावाला आळशी नि बायकोला बंगल्याची हौशी समजत होतो, या विचारानं साहेबांना आधी हसू आलं. मग ते बराच वेळ बाथरूममध्ये तोंड धूत राहिले.

स्वतःचाच अर्ज स्वतः मंजूर करता येईना, म्हणून काम हाताखालच्या नव्या अधिकारी मुलीकडं गेलं. साहेब अर्जदारांच्या बाकावर जाऊन बसले. तिनं कागद चाळले आणि परत केले.

"सर, जमिनीचा हा नकाशा चालणार नाही. अर्जदारानं स्वतः काढलेला नको, असा नियम आहे."

"कुठल्या शहाण्यानं केला हा नियम?"

मुलगी खाली बघून म्हणाली, "तुम्हीच, सर."

जन्मभर ज्या एका कामात हात बसला होता, तेच काम बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन करून घ्यावं लागलं. शेवटी सहीचा दिवस आला. 'कायमचे' या शब्दापाशी त्यांचा पेन अडला. त्यांच्या हातून गेलेली प्रत्येक रेघ आजवर कुणी ना कुणी बदललेली होती. न बदलणारं असं काही त्यांनी केलंच नव्हतं. भावानं हळूच विचारलं, "दादा, राहू दे का?" तशी त्यांनी सही ठोकली. अक्षर इतकं वाकडं आलं की मुलीनं पुन्हा करायला लावली.

निधी परत गेला नाही. कोबीवाल्या मावशी आल्या, त्यांच्यामागून त्यांचे दोन शेजारी आले. पलीकडच्या मोठ्या शेताचा मालक मात्र आला नाही; तिथं गोदाम उभं राहिलं. पुढच्या वर्षी अंदाजपत्रकात योजनेचे पैसे निम्म्यावर आणायचं ठरलं, पुढं ती बंदच करावी असा ठरावही आला, तेव्हा साहेब न विचारता सभागृहात उभे राहिले. आवाज चिरका झाला, आकडे उलटसुलट झाले, कुणीतरी हसलंही. कपात टळली नाही, पण योजना बंद करण्याचा ठराव त्या दिवशी मागं घेतला गेला. अध्यक्षबाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "काय बोललात ते कळलं नाही, पण तुम्ही गप्प बसणार नाही एवढं सगळ्यांना कळलं."

त्या पावसाळ्यात भावानं कोपऱ्यावर डाळिंबं लावली. साहेबांनीही एक वीतभर खोल खड्डा खणला. भावजयीनं तो पाहिला आणि साहेब चहाला वळल्यावर गुपचूप दुसरा खणला.