बिनधुऱ्याचं वावर

माही पोरगी वजन करते. कापसाचं नाई, डोळ्याले दिसत नाई अशा बारक्या कणाचं. तेही तराजूवर नाई, कम्प्युटरवर. समुद्रपूरच्या बजारात हे मी ज्याले ज्याले सांगतलं, त्यानं त्यानं पह्यले माह्या तोंडाचा वास घेतला.

मागच्या हिवाळ्यात ती घरी आलती. परदेशातल्या एका कॉलेजात पुढच्या कामाची जागा निंगालती, अन् तिची मुलाखत घरूनच, लॅपटॉपवर होनार होती. याच्या आधी एका जागी ती हुकलती. तिथले सर म्हन्ले होते, काम चांगलं आहे, पन तुहं सांगनं तुलेच समजते. म्हनून यावेळी तिनं ठरवलं, ज्याले काईच समजत नाई अशा मानसाले समजावून पाहाचं. असा मानूस शोधाले तिले अंगनाच्या बाहेर जा लागलं नाई.

"बाबा, बसा. पायॉन नावाचा कण असते. एक बिजलीवाला, एक बिनबिजलीचा. बिजलीवाला जराक जड. बिजलीनं किती वजन पडते, ते मी काढते."

"बिजलीनं वजन वाढते?" मी इचारलं. "मंग मी वावरातल्या झटक्याच्या ताराले दोनदा चिपकलो, माहं काऊन नाई वाढलं?"

"वजन सोडा, अक्कल बी नाई वाढली," बायको चुलीपासून बोल्ली.

पोरगी सांगत राह्यली. हा हिशेब हातानं होत नाई. म्हनून कम्प्युटरात एक डब्बा कराचा, त्यात सारख्या अंतरावर ठिपके, आपन दोरी धरून चौफुलीवर कापसाचं बी टोबतो तसे. कणाच्या पोटातला जोर जवळच राह्यते, पन बिजलीचा पसारा लांब जाते. म्हनून लहान डब्ब्यात वजन कमी भरते. डब्बे लहान-मोठे करून पाहा, तवा खरं वजन निंगते.

मी मान हालवली. आपल्याकडे कीर्तनात, मिटिंगीत, डॉक्टरपुढं, जिथं समजत नाई तिथं मान हालवाची रीतच आहे. समोरच्याले बरं वाटते. ती रोज सांगे, मी रोज मान हालवो. पोरगी खुश.

मुलाखतीच्या आदल्या दुपारी बायको म्हने, "तुमाले एवढं समजलं, तं मले बी सांगा ना."

आता आली पंचाईत. पन मी काई कमी नाई. आदल्या साली मी वावराले झटक्याची तार लावलती, रोही, म्हंजे नीलगाय, येऊ नये म्हनून. तार चालू केली, अन् पाहतो तं रोही आतच, तुरीत बसलेला. तो ताराले धडके, झटका खाये, मागं पळे, अन् दमला की माही तूर खाये. गाववाले म्हनत, लोक रोही हाकलाले तार लावते, यानं पाळाले लावली.

"हे पाय," मी बायकोले म्हन्लं, "डब्बा म्हंजे आपलं तारेचं वावर, कण म्हंजे तो रोही. धडकते, मागं येते, धावून धावून वाळते. म्हनून लहान डब्ब्यात वजन कमी!"

"हे तं मले बी समजलं," बायको म्हने.

बाजूलेच बसलेल्या पोरीनं कपाळाले हात लावला. "बाबा, माह्या डब्ब्याले तारच नाई! भिंतच नाई!"

"भिंत नाई तं डब्बा कायचा वो?"

ती म्हने, "मान काऊन हालवली इतके दिवस?"

"तुले बरं वाटावं म्हनून."

"मले बरं नाई वाटाचं, बाबा. मले ती जागा पायजे."

मी खाली मान घातली. जराशानं तीच उठली, मले वावरात घेऊन गेली अन् पूर्वेच्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभं केलं.

"बाहेर पाय टाका. टाकला? आता तुमी पश्चिमेच्या धुऱ्यावरून आत आले."

"असं कसं?"

"माह्या वावरात असंच असते. ते संपतच नाई."

"म्हंजे मी कुठून बी पळालो, तरी तुह्या मायच्या समोरच?"

"हो!"

"अन् मी इथं ओरडलो, तं माहाच आवाज मले मागून येईन?"

पोरीनं माहा हात धरला. "तेच, बाबा! कणाची बिजली फिरून त्याच्याच अंगावर येते अन् वजन बिघडवते. वावर लहान, तं जास्त. वावर मोठं, तं कमी."

दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर बसून राह्यलो. आत सारी इंग्रजी. मधातच लॅपटॉपातले सर खदखदून हासले. मी उठून दाराले कान लावला.

पोरगी बाहेर आली. "त्याईनं इचारलं, डब्ब्याच्या कडेले काय होते? मी बायकोपासून पळनारा मानूस सांगतला."

"परदेशात बी माहं नाव खराब केलं!" बायको कडाडली.

काई दिवसानं मेल आला. वाचून पोरगी उभीच राह्यली. "जागा भेटली," ती म्हने. बायको पदर तोंडाले लावून आत गेली.

"सोडाले मी येतो," मी म्हन्लं.

"विमानानं जा लागते, बाबा."

"मंग हायवेवरच्या जामच्या फाट्यापर्यंत येतो. तिथून पुढं तू पाय."