वच्छलाबाईंचा अत्तराचा बोळा

जखमेवरची पट्टी सोडायची वेळ झाली की वच्छलाबाई पेशंटच्या हातात लहान मुलांचं एक खेळणं देत. डोळ्यांना लावायचं, खटका दाबला की आतलं चित्र बदलायचं. मग अत्तरात भिजवलेला कापसाचा बोळा नाकाशी धरत. दोन्ही वस्तू त्यांनी परभणीच्या उरुसातून आणलेल्या. डॉक्टरांनाही ऐकवत, "तुमी कापा, मी विसरायला लावते. मोठं काम कुणाचं?"

माझं मूतखड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद धगधगतच होता. वच्छलाबाई बायकांच्या वॉर्डातल्या आया. पहिल्यांदा नर्सने चिमटा उचलला आणि मी किंचाळले, तशा त्या उशाशी आल्या.

"काय दिसायलंय?"

"तळं."

"मंग उतरा की पाण्यात. गार हाय. वाळ्याचा वास घ्या. दुखणं बसू द्या काठावर."

खरं सांगते, मी उतरले. पोटऱ्यांना गारवा लागला. पट्टी कधी बदलली ते कळलंच नाही.

शेजारी बसलेल्या सासूबाईंनी कौतुकानं विचारलं, "कुठल्या तुमी? कुणाच्या?"

बाटलीला बूच लावत वच्छलाबाई म्हणाल्या, "नामांतराच्या दंगलीत घर जाळलं आमचं. समजलं का आता, कुणाच्या?"

सासूबाईंनी खेळणं पदरानं धरून खाली ठेवलं आणि ओल्या फडक्यानं माझं नाक पुसलं. दोनदा. मी पुसू दिलं. वच्छलाबाईंनी खेळणं उचललं आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाई चहाला गेलेल्या बघून मी हळूच हाक मारली. "वच्छलाबाई, आज पट्टी बदलणार हायेत. द्या ना ते."

"देते की. सासूबाई येऊ द्या. त्यांच्यासमोर मागा."

सासूबाई आल्या. नर्सही आली. वच्छलाबाई खेळणं घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या, माझ्याकडे बघत. मी पदर तोंडात कोंबला. चिकटलेली पट्टी सुटेपर्यंत छताकडे बघत राहिले. त्यानंतर पट्टीच्या वेळी त्या माझ्या खाटेशी थांबल्या नाहीत.

घरी जायच्या दिवशी सासूबाई बोचकं घेऊन पुढे गेल्यावर मी दाराशी थांबले. "येते मी, वच्छलाबाई. तुमचे लय उपकार झाले."

त्या चादरीची घडी घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बोललात म्हणायचं. सासूबाई पायऱ्या उतरल्यावर."

बाहेर रिक्षात सासूबाईंनी माझ्यासाठी जागा करून ठेवली होती. तिथं जाऊन बसले.