आक्काचा उजवा गुडघा

माणसाच्या सांध्याला मी कापड समजलो. इथवरची गोष्ट मी कुणालाही सांगतो — लग्नाच्या पंगतीत, चहाच्या टपरीवर, वर्गातल्या बायकांना — आणि लोक पोट धरून हसतात. तिच्या पुढची मात्र आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

आधी हसण्यासारखं सांगतो, ते मला जमतं. सुरतेत पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये मी स्टेंटर मशीनवर होतो. रंगवून आलेलं कापड आकसलेलं असतं. स्टेंटर त्याच्या दोन्ही कडा चिमट्यांत धरतो, गरम हवेतून ओढत नेतो, आणि पलीकडून पूर्ण पन्ह्याचं, पूर्ण रुंदीचं कापड बाहेर पडतं. हे वर्षानुवर्षं पाहिलेला माणूस पुढे योग शिकवायला लागला तर काय शिकवेल? तेच. ‘शरीर म्हणजे आकसलेलं कापड. ऊब द्या, ताण द्या, पन्हा आपोआप येतो.’ सकाळी सोसायटीच्या गच्चीवर हे वाक्य टाकलं की साड्यांच्या धंद्यातली माणसं माना डोलवायची. त्यांच्या ओळखीचं शास्त्र होतं ना ते.

वर्गाच्या फ्लेक्सवर मी पद्मासनात बसलो होतो. चेहरा माझा होता. पाय फ्लेक्सवाल्याने कुठून आणले, मी विचारलं नाही. मला पद्मासन येत नव्हतं — कधीच आलं नाही. एक पाऊल मांडीवर चढायचं, दुसरं चढवायला गेलो की गुडघा हवेतच. मग मी वर्गाला म्हणायचो, ‘तुम्ही करा, मी पाहतो.’ नुसता पाहत उभा असलेला माणूस किती जाणता वाटतो, हे तुमच्या लक्षात आलंय का?

मी जिथे शिकलो ते गुरुजी शहराबाहेर कामरेजच्या बाजूला शिबिरं घ्यायचे. त्यांना मी देवच मानत होतो. ते म्हणायचे, ‘तुझ्या कमरेत अहंकार बसलाय. तो उठला की पाय बसेल.’ त्या अहंकाराला उठवायला मी काय नाही केलं? रात्रीचं जेवण सोडलं. चूक त्याची असताना मिलमधल्या मुकादमाच्या पाया पडलो. तो इतका घाबरला की त्याने मला दुसऱ्या पाळीत टाकलं. अहंकार काही उठला नाही. कंबर मात्र बसली, आणि शेवटी हाडांच्या डॉक्टरकडे गेलो.

त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. कमरेच्या खोबणीत मांडीच्या हाडाचा गोळा असतो. कुणाची खोबण पुढे तोंड करून असते, कुणाची बाजूला. कुणाच्या हाडाची मान जास्त वळलेली, कुणाची कमी. जन्माचीच घडण ती. काहींची मांडी सहज बाहेर उलगडते. माझी थोडी वळली की हाडाला हाड टेकत होतं. मी त्यांना माझं स्टेंटरचं शास्त्र ऐकवलं. ते हसले. ‘भाई, स्नायू ताणता येतो. आ तो हाडकुं छे, कापड नथी.’ मग जरा गंभीर होऊन म्हणाले, जोर केलास तर कंबर वळणार नाहीच, तो पीळ खाली गुडघ्यात उतरेल. आणि गुडघा म्हणजे बिजागरी. उघडायचं, मिटायचं. असला पीळ त्याला सोसत नाही. आत कूर्चेची गादी असते, ती फाटते.

परत येताना मी रिक्षात रडलो. इतकी वर्षं मी काय माझ्या हाडांची माफी मागत होतो? गुरुजींना हे ठाऊक नसेल? की ठाऊक असूनही — माझ्यासारखे चेले पुढच्या शिबिराला यावेत म्हणून? ज्याच्या पायाशी बसलो त्यानेच मला माझ्या शरीराविरुद्ध भडकवलं होतं. त्या माणसाचं तोंड पुन्हा पाहायचं नाही, असं ठरवलं. ते पाळलंही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर मी काय म्हणालो? ‘शरीर म्हणजे आकसलेलं कापड.’

आक्का माझी मोठी बहीण. मला गावाहून सुरतेत आणलं तिने, मिलमध्ये चिकटवलं तिने, वर्गाला पहिल्या बायकाही तिनेच आणल्या. ‘मना भाऊ सांगस ते करा,’ असं गल्लीभर सांगत फिरायची. घरी बसून साड्यांवर स्टोन चिकटवायचं काम करायची — जमिनीवर, एक पाय पसरून, दुसऱ्या मांडीवर साडी. तिचा हात इतका सफाईदार होता की व्यापारी नवी डिझाइन आधी तिच्याकडे पाठवायचे. तिलाही पद्मासन येत नव्हतं. मला विचारायची, ‘भाऊ, माले काबर येत नही?’ आणि मी — होय, तेच — मी म्हणायचो, ‘आक्का, मनात कुठेतरी गाठ आहे.’

आमच्या वडिलांना पंगतीत धड मांडी घालता यायची नाही. गुडघा शेजारच्याच्या पत्रावळीवर जायचा. आम्ही दोघं त्यांच्याच बांध्याचे. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला तेव्हा मला आधी वडील आठवले होते, आणि लगेच आक्का. म्हणजे मला माहीत होतं. अंदाज नव्हे, माहीत होतं.

त्या सकाळी गच्चीवर ती पद्मासन घालू पाहत डोळे मिटून बसली होती. उजवा गुडघा वरच राहिला होता. समोर नव्या बायका होत्या, आणि माझी सख्खी बहीणच वर्गात मागे पडलेली दिसत होती. मी म्हणालो, ‘श्वास सोड.’ तळहात गुडघ्यावर ठेवला आणि दाबला.

आवाज आला. ओली काडी मोडावी तसा. ती ओरडली नाही, तिचे ओठ फक्त पांढरे पडले. मी वर्गाकडे वळून म्हणालो, ‘बघा, गाठ सुटली.’ बायकांनी टाळ्या वाजवल्या.

गादी फाटली होती. ऑपरेशन झालं, पण खाली बसणं गेलं ते गेलंच. टेबलावर साडी पसरून तिने पाहिलं. हात तोच होता, पण साडी मांडीवर राहते तशी टेबलावर राहीना. काम सुटलं. हॉस्पिटलात तिच्या मुलाने विचारलं, कसं झालं, तेव्हा ती म्हणाली, ‘मीच घाई करी.’ मी शेजारी उभा होतो. मी गप्प राहिलो असतो तर निदान भित्रा ठरलो असतो. मी म्हणालो, ‘हो ना. मी नको नको म्हणत होतो.’

आता मी खुर्चीवरचा योग शिकवतो. कुणाच्या गुडघ्याला हात लावत नाही. लोक म्हणतात, मास्तर फार जपून शिकवतात.

मध्यंतरी आक्काकडे गेलो होतो. शेजारणी जमल्या होत्या, मी कापडाची गोष्ट रंगवून सांगितली, मुकादमाचीही सांगितली. हसून हसून बायका घरी गेल्या. आक्का खुर्चीवर बसून वालपापडीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, ‘मना गुडघानी गोष्ट काबर सांगत नहीस?’

मी इतका सरावलेला, की तोंडातून आपसूक निघून गेलं, ‘त्यात काय सांगायचं? तू घाई केलीस.’

तिने हातातली शेंग सोलून संपवली.

‘दाबाना पहिले तुना हात घडीभर थांबना व्हता, भाऊ. मना डोळा मिटेल व्हतात. मी मरेल नव्हती.’