इंदूताईंची राजेळी

वैशूचा फोन आला तेव्हा मी माठाची भाजी निवडत होते. वैशू म्हणजे इंदूताईंची मुलगी, विरारला दिलेली. शेवटचे काही दिवस इंदूताई तिच्याकडेच होत्या. "मावशी, आई गेली गं..." एवढंच बोलली, आणि पुढे नुसतं रडणं ऐकू येत राहिलं. मी "अगं, परवा तर माझ्याशी बोलल्या" असलं काहीतरी बरळले आणि फोन ठेवला. मग भाजी पुरी निवडली, धुतली, फोडणीलाही टाकली. खायला कुणी बसलंच नाही. या गोष्टीला आता काही आठवडे होऊन गेलेत.

बिल्डिंगमधल्या बायका म्हणाल्या, "सुटल्या बिचाऱ्या." मला या शब्दाची भारी चीड येते. माणूस गेलं की सुटलं म्हणायचं, म्हणजे आपण मोकळे! इंदूताई सुटल्या नाहीत, हरल्या. आणि ज्याच्यासाठी हरल्या ते ऐकून कुणी हसेलही. केळीचं एक बेट जगवायचं होतं त्यांना, दुसरं काही नाही. राजेळी केळीचं बेट, बापाच्या वाडीतून आणलेलं, शेवटचं उरलेलं. ते जगलं नाही.

नव्वद सालच्या आसपास आम्ही लालबागची खोली सोडून सोपाऱ्याच्या पूर्वेला, तुळिंजला आलो. नवी बिल्डिंग, रस्त्याचा पत्ता नाही, पावसात घोटे बुडतील एवढा चिखल. जो तो वरचा मजला मागत होता. इंदूताईंनी मात्र तळमजला मागून घेतला, कारण तिथल्या स्वयंपाकघराला मागचं दार होतं आणि दाराबाहेर कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जमिनीची एक पट्टी. पट्टी कसली, बिल्डरचा उकिरडा! खडी, फुटक्या लाद्या, पावसात भिजून दगड झालेल्या सिमेंटच्या गोणी. मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं तेव्हा साडी खोचून घमेल्याने ती खडी उपसत होत्या. मला वाटलं, कामवाली बाई असेल. "बाई, दुसऱ्या मजल्यावरची धुणीभांडी धराल का?" मी विचारलंसुद्धा. वर बघून म्हणाल्या, "धरीन की. आधी ही खडी उचलू लागता का?" झालं! त्या दिवसापासून मी त्यांच्या तावडीत सापडले ती कायमची.

मला मेलीला कुंडीतली तुळससुद्धा जगवता येत नव्हती. इंदूताईंनी सगळं शिकवलं, आणि शिकवणं म्हणजे काय, नुसतं ओरडणं. "अगं नंदा, भर दुपारी मिरचीचं रोप लावतेस? तुला कुणी उन्हात उभी करून चिमटे काढले तर चालेल?" रोप संध्याकाळी लावायचं, पहिले दोन दिवस वर केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालीची, टोपी घालायची. कढीपत्ता अडून बसला की आंबट ताक पाण्यात मोडून त्याच्या बुडाशी घालायचं. अळू मोरीच्या पाण्यावर सोडायचं, त्याचे लाड करायचे नाहीत. नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, फेकायची नाहीत, खड्ड्याच्या तळाशी उपडी अंथरायची, म्हणजे ओल धरून ठेवतात. मंगळवारच्या बाजारातून येताना त्या भाजीपेक्षा सोडणंच जास्त घेऊन यायच्या. नारळवाला त्यांना लांबून बघितलं की हसायचा.

त्यांचं माहेर सोपाऱ्याच्या पश्चिमेला, कळंबच्या वाटेवर. वडिलोपार्जित वाडी, विहीर, विहिरीवर रहाट. वडील राजेळी पिकवायचे आणि तिची सुकेळी करायचे. म्हणजे पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्याच वाळक्या पानात घट्ट बांधायची. वडील गेले, मग वाटण्या झाल्या. तोवर इंदूताईंचे यजमानही वारले होते. धाकट्या भावाने, बाळाने, विचारलं, "तुला काय हवं ते सांग." या म्हणाल्या, "राजेळीचं एक पिल्लू दे." ते पिल्लू, म्हणजे बुडाशी फुटलेला कोंब, ओल्या गोणपाटात गुंडाळून, मांडीवर घेऊन रिक्षातून तुळिंजला आणलं होतं. मला सांगताना म्हणाल्या, "वैशूला दवाखान्यातून आणली तेव्हासुद्धा मी एवढी जपून बसले नव्हते." वैशू शेजारीच होती, तिने नाक मुरडलं.

त्या पिल्लाचं बेट झालं. केळीला शेजारी एकच पिल्लू ठेवायचं, बाकीची कितीही गोड दिसली तरी काढून टाकायची, हे त्यांचं तंत्र. मी म्हणायचे, "किती निर्दय हो तुम्ही!" त्या म्हणायच्या, "सगळ्यांना जेवायला घातलं तर सगळीच उपाशी राहतात." केळ्यांचा पहिला लोंगर उतरवला तेव्हा बिल्डिंगमधली पोरंसोरं जमली होती. गच्चीवर जुनी साडी अंथरून सुकेळी घातली, आणि कावळ्यांना हाकलायची पाळी आम्हा बायकांत वाटून दिली. आम्ही कोकणातले, देशावरचे, कोण कुठले, एकमेकांची नावंही नीट ठाऊक नव्हती. त्या गच्चीवर ओळखी झाल्या. मला त्या वर्षांइतकं सुख पुढे कधी मिळालं नाही.

मग पाण्याचे हाल सुरू झाले. बिल्डिंगी वाढल्या, नळाला करंगळीएवढी धार, तीही पिण्यापुरती. बाकी सगळ्याला टँकर. टँकर आला की खालची टाकी भरायची, आणि पाइप काढताना जे पाणी सांडायचं ते इंदूताईंच्या बादलीत. एके सकाळी त्यांनी मला खालून हाका मारमारून बोलावलं. बादलीत पांढरी फुलं तरंगत होती, मध्ये पिवळा गेंद. "उंडीची फुलं गं! आमच्या विहिरीवर उंडी वाकलेली आहे." ड्रायव्हरला विचारलं, कुठलं पाणी रे? त्याने वाडीचं नाव सांगितलं आणि इंदूताई तिथेच पायरीवर बसल्या. बाळाने विहिरीवर पंप बसवून पाणी टँकरवाल्यांना द्यायला सुरुवात केली होती. मला वाटलं, आता भावावर चिडतील. कसलं काय! डोळ्याला पदर लावून हसत होत्या. "बापाची विहीर माझ्या दारात आली गं नंदा."

त्यांच्या वाडीतली एक रीत होती. रहाट फिरला की पाटाचं पहिलं पाणी राजेळीला, मग बाकी वाडीला. वडील फार कडक होते म्हणे त्याबाबतीत. टँकर आला की इंदूताई तेच करायला लागल्या. पहिल्या दोन बादल्या राजेळीला, मग मिरची, अळू, जास्वंद, आणि उरलं तर घरात. मी चेष्टा करायचे, "घरात वैशू पारोशी बसलीय आणि केळीची आंघोळ झाली!" त्या म्हणायच्या, "ती माहेरवाशीण आहे, तिचा मान पहिला."

किती वर्षं असं चाललं असेल... तीन, चार. दिवसरात्र पंप चालले की समुद्राकाठच्या विहिरीचं जे होतं तेच झालं. आधी डाळ शिजेना. मग साबणाला फेस येईना. मग आंघोळ केल्यावर अंगाला खाज. आम्ही बायका जिन्यात उभ्या राहून टँकरवाल्याच्या नावाने बोटं मोडत होतो आणि इंदूताई राजेळीला बादल्या घालत होत्या. उंडीची फुलं यायची कधीच बंद झाली होती. पाणी मात्र तिथलंच होतं, ड्रायव्हर तोच होता. एक दिवस मी बघते तर राजेळीच्या पानांच्या कडा तपकिरी, विस्तवाजवळ धरल्यासारख्या करपलेल्या.

मी स्पष्ट सांगितलं, "ताई, हे पाणी खारं झालंय. हे केळीला घालू नका." त्या म्हणाल्या, "उन्हाळा आहे, होतं असं." मी म्हटलं, "आम्ही तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी साठवून ठेवतो, ते घाला." दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक मजल्यावर दारापाशी एकेक बादली भरून राहू लागली. बायकांनी आपणहून ठेवल्या हो! इंदूताईंनी ते पाणी नेलं, आणि मिरचीला घातलं, अळवाला घातलं. राजेळीला नाही. राजेळीला पहिलं पाणी विहिरीचंच. मिरची जगली, अळू माजलं, आणि जिच्यासाठी एवढा जीव टाकायच्या तीच वाळत चालली.

एक दिवस मी फार चिडले. मागच्या दारात उभी राहून ओरडले, "स्वतःच्या हाताने मारताय तुम्ही तिला! भावाला सांगा ना, पंप थांबव म्हणून!" त्या खुरप्याने बुडाची माती भुसभुशीत करत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "सांगू काय त्याला? तुझं पाणी नासलं म्हणून? बापाच्या विहिरीला मी नावं ठेवू?"

"मग केळ मरू दे?"

"नाय मरायची. त्याच पाण्यावर वाढलीय ती. पाऊस पडला की धुऊन निघंल सगळं."

पावसात खरंच थोडी हिरवी व्हायची. नवं पान सुरळीतून सुटलं की इंदूताई मला बोलवायच्या, बघ म्हणायच्या, आणि मीही मूर्खासारखी आशा धरायचे. त्यांनी काय केलं नाही? मातीचे वाफे उंच केले, पालापाचोळ्याचे थर दिले, शेणखत घातलं, पावसाचं पाणी बुडाशी साचवून खार खाली जिरवायचा प्रयत्न केला. पण शिमगा सरला की मातीवर पांढरी साय धरायची आणि कडा पुन्हा करपायच्या. दरवर्षी थोड्या जास्त. शेवटचा लोंगर पडला त्यातली केळी बोटाएवढी, पिकलीच नाहीत, काळी पडून गळाली. पुढचं पिल्लू वीतभर आलं आणि कुजलं. मग आलंच नाही.

इंदूताईंनी ते वाळकं बेट स्वतः खणून काढलं. कुणाला हात लावू दिला नाही. त्यानंतर मागचं दार त्यांनी उघडलं नाही. मिरची, जास्वंद, सगळं एकेक करून मेलं आणि त्यांनी ढुंकून बघितलं नाही. मी रोप नेऊन दिलं तर म्हणायच्या, "तुझ्या खिडकीत ठेव." पुढे धरणाचं पाणी आलं, नळाला जोर आला, बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. त्यांनी पेढा घेतला आणि फळीवर ठेवून दिला. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. डॉक्टर आधी रक्तदाब म्हणाले, मग किडनी म्हणाले. म्हणू देत. मी रोज जाऊन बसायचे, काहीबाही बडबडायचे, आणि त्या भिंतीकडे बघत असायच्या. एखादं माणूस डोळ्यांदेखत विझत जातं आणि आपल्याला काही म्हणजे काही करता येत नाही... मी देवाला मानणारी बाई, पण त्या वर्षांत माझे हात जोडायला उठत नव्हते.

तेरावं तुळिंजला इंदूताईंच्याच घरात केलं. त्याला बाळाभाऊ आला. केस पिकलेले, पाठ वाकलेली. जेवणं उरकल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, एक मागायचं होतं. तिच्याकडची राजेळी... एक पिल्लू मिळंल का? आमच्या वाडीत आता एक झाड नाय राहिलं. विहीर बाद झाली, सगळं सुकलं. पन मी म्हनायचो, इंदूकडं आहे ना, मग काय काळजी नाय." हातात ओलं गोणपाट होतं. घरून भिजवून आणलेलं.

मी मागचं दार उघडलं, कडी गंजली होती, जोर लावावा लागला. बाहेर काहीच नव्हतं. पट्टीवर पांढरी खार पसरली होती, तिच्यात वाळकं गवतसुद्धा नाही. तो बाहेर गेला, उकिडवा बसला, बोटाने माती उकरली. "मीठ? इथं मीठ कुठनं आलं?" मग मान वर करून विचारलं, "टँकर कुठला यायचा तुमच्याकडं?"

मी सांगितलं. खोटं बोलायला हवं होतं का, मला अजून कळत नाही.

"इंदूला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाय? एक फोन करायचा. येऊन शिव्या द्यायच्या मला." तो मातीकडेच बघत होता. मग अगदी हळू म्हणाला, "ती बोलली असती, तरी मी पंप थांबवला नसता, वहिनी. ते तिला ठाऊक होतं."

गोणपाट तिथेच टाकून तो गेला. सोसायटीने आता त्या पट्टीवर फरशा बसवायचं ठरवलंय, स्कूटर लावायला जागा होईल. मीटिंगमध्ये मला विचारलं, तुमची काही हरकत? त्यांच्या तुम्ही जवळच्या. काही हरकत नाही, मी म्हणाले. ते गोणपाट मात्र मी उचलून आणलंय. माझ्या मोरीत दांडीवर टाकलंय, आणि वाळत आलं की हात आपोआप तांब्याकडे जातो. मी ते भिजवते. त्यात गुंडाळायला आता कुठेच काही उरलेलं नाही, हे मला समजतं. तरी भिजवते.